सोळा तारखेची खरेदी

यवतमाळ,
११ फेब्रुवारी २००७

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम. आईलाही सांगा.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुमचीही तब्येत बरी असेल, असं आईच्या फोनवरून धरून चालते. ती दर रविवारी शेजारच्यांच्या मोबाइलवरून बोलते. फोन तुमच्या कामाचा नाही आणि गेल्या ऑक्टोबरपासून तुमचं एक अक्षर आलेलं नाही, म्हणून शेवटी मीच पेन उचललं. बघू कोण जास्त हट्टी ते.

प्रियंकाला पंधरापर्यंत पाढे येतात. सोळाचा विचारला की तिचं पोट दुखतं. अश्वजितची डेपोतली ड्यूटी पुन्हा सकाळची झाली. वर्कशॉपमधून ग्रीसचे हात घेऊन येतात आणि मी चांगला टॉवेल लपवून ठेवते. यंदा कापसाने सगळ्यांचंच तोंड वाकडं केलंय. शाळेच्या ऑफिसात बसून फीचं रजिस्टर उघडलं की बाजारात काय भाव फुटला ते मला पेपर न वाचता कळतं. तुमच्या कापसाच्या जिनच्या आवारात आता प्लॉट पाडायला चुन्याच्या रेघा मारल्यात, असं आई सांगत होती. तुम्ही तीस वर्षं ज्या मशिनी चालवल्या त्यांचं काय झालं, हे मी तिला विचारलं नाही. तुम्हालाही विचारत नाही.

आता कामाचं. मला तुमचा सल्ला हवा आहे.

शाळेत महिन्याभरात दोन मॅडम येऊन गेल्या. दोघी नागपूरच्या, दोघींच्या हातात फॉर्म आणि दोघींच्या तोंडी एकच पाठ, "मॅडम, बिनव्याजी!" क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते थोडक्यात लिहिते. दुकानातून वस्तू घ्यायची, कार्ड त्यांच्या मशीनमधून ओढायचं, सही करायची. दुकानदाराचे पैसे बँक देते. बँकेचे आपण नंतर द्यायचे. ठरलेल्या दिवसांत सगळे दिले तर व्याज नाही. राहिले तर महिन्याला जवळजवळ तीन टक्के. सावकारानेही तोंडात बोट घालावं असा दर.

एक कार्ड निळं आहे. त्यात पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी, पहिल्या वर्षी फी नाही. दुसरं सोनेरी. ते दिसायला फारच देखणं आहे, खरं सांगते. त्यात सहा महिन्यांचे सहा हप्ते, शून्य टक्के व्याज. फक्त वर्षाची फी साडेसातशे आणि सुरुवातीला तीन टक्के 'प्रक्रिया शुल्क'. मला सोनेरी आवडलं, कारण सहा महिने म्हणजे ऐसपैस. पण आमच्या बबिताने घाबरवून ठेवलंय.

बबिता राठोड म्हणजे आमच्याकडे भूगोल शिकवते ती. फुलसावंगीजवळच्या तांड्यातली, तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. तिने मागच्या वर्षी असलंच कार्ड घेतलं होतं. चुलतबहिणीच्या लग्नात हात आखडला म्हणून तिने त्याच कार्डावर एटीएममधून तीन हजार रोख काढले. बिल आलं तेव्हा त्याच दिवसापासूनचं व्याज आणि वर दंड! स्टाफरूममध्ये बिल हातात धरून ती म्हणत होती, "मले वाटलं, बिनव्याजी म्हंजे बिनव्याजी! बँकेले काय करायचं, मी त्याची साडी घेतो का नगद काढतो?" पण बँकेला करायचं असतं. बिनव्याजी फक्त खरेदीला. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगत फिरते, "वस्तू घ्या, पन नोट काढू नका."

तर बाबा, मला एक वस्तू घ्यायची आहे. बावीस हजारांच्या आसपास. फ्रीज नाही, टीव्ही नाही, सोनं तर नाहीच. घराच्या उपयोगाची आहे एवढंच सध्या लिहिते. आमची अकरा जणांची भिशी आहे, दोन-दोन हजारांची, माझा नंबर एक जूनला लागतो. म्हणजे पैसे येणार आहेत, पण उशिरा. आणि मला जूनपर्यंत थांबायचं नाही. काहून थांबायचं नाही ते नंतर.

दोन्ही कार्डांचे कागद सोबत पाठवते. बारीक छपाईचेही. जिन बंद होताना मॅनेजरने सह्यांचे कागद वाटले होते तेव्हा फाटकापाशी उकिडवं बसून तासभर तो कागद वाचणारा एकच माणूस होता. बोनसची ओळ गाळलीय, हे त्याने बोट ठेवून दाखवलं आणि चाळीस जणांचे पैसे वाचले. त्या माणसाला सोडून मी हे कागद दुसऱ्या कोणाला दाखवू?

पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. उत्तर न पाठवायला सबब ठेवलेली नाही.

आईला सांगा, तिखट पोचलं.

तुमची,
दीपा


मुकुटबन,
२७ फेब्रुवारी २००७

चि. दीपा हिस,
जयभीम.

पत्र मिळाले. कागद दोनदा वाचले. बारीक छपाई आईच्या सुईत दोरा ओवायच्या भिंगातून वाचली.

सोनेरी नको. व्याज शून्य म्हणतात आणि बावीस हजारावर तीन टक्के आधीच कापून घेतात. ते सहाशे साठ. वर फी साडेसातशे. एकंदर चौदाशे दहा. हे व्याजच आहे, फक्त नाव बदलले. शिवाय मागच्या पानावर खालून चौथ्या ओळीत लिहिले आहे की एक हप्ता चुकला तर पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर व्याज. सहा महिन्यांत एखादा पगार उशिरा झाला नाही असे तुझ्या शाळेत कधी झाले आहे काय?

निळे बरे दिसते. पण त्यात 'पन्नास दिवसांपर्यंत' असे छापले आहे, 'पन्नास दिवस' असे नाही. तेव्हा त्या बाईला विचार की बिल महिन्याच्या कोणत्या तारखेला निघते. दिवस खरेदीपासून मोजतात की बिलापासून. कार्डावर घेतले तर दुकानदार जास्तीचे पैसे घेतो काय. आणि किती रुपयांपर्यंत खरेदी करू देतात.

वस्तू कोणती ते लिहिले नाहीस. मशीन कोणती ते न सांगता पट्टा कोणता बसवू असे विचारू नये.

मी ठीक आहे. दारात बसून फवारणीचे पंप दुरुस्त करतो. आई बरी आहे.

गोविंदा तामगाडगे


यवतमाळ,
१८ मार्च २००७

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते डब्याच्या पिशवीत घालून शाळेत नेलं आणि बबिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुह्या बापाले आमच्या शाळेत गणिताले ठेवा न!" खाली सही मात्र तुम्ही अख्ख्या नावाने केलीत, तलाठ्याला अर्ज लिहावा तशी. ते मी तिला दाखवलं नाही.

तुमचे सगळे प्रश्न मी त्या निळ्या कार्डाच्या मॅडमला फोनवर विचारले. आधी ती हसत बोलत होती, मग हसणं थांबलं, मग म्हणाली की इतकं आजवर कोणी विचारलं नाही. खरेदी पंचवीस हजारांपर्यंत करता येते. बिल दर महिन्याच्या पंधरा तारखेला निघतं आणि त्यानंतर पैसे भरायला वीस दिवस मिळतात. 'पर्यंत' या शब्दातच ग्यानबाची मेख होती, तुम्ही बरोबर धरली. म्हणजे सोळा एप्रिलला वस्तू घेतली तर ती पंधरा मेच्या बिलात येणार आणि पैसे चार जूनपर्यंत भरायचे. एकोणपन्नास दिवस. एक जूनला माझी भिशी उठते. दोन तारखेला बँकेत भरून मोकळी! पण तीच वस्तू चौदा एप्रिलला घेतली तर दुसऱ्याच दिवशी बिल निघणार आणि पाच मेच्या आत बावीस हजार आणायचे कुठून? दोन दिवसांच्या फरकाने एक महिना बुडतो.

मी फॉर्म भरला. कार्ड महिन्याअखेर हातात येईल.

आता तुम्ही म्हणाल, सोळाला घे, चौदाचं कोण म्हणतंय? आई म्हणतेय. गेल्या रविवारी तिला फोनवर सगळं सांगितलं, वस्तू कोणती तेसुद्धा. ती लगेच म्हणाली, "मंग जयंतीलेच घ्या. आपल्या घरात पंखा जयंतीले आला, सायकल जयंतीले आली, टीव्हीबी जयंतीलेच आला. हे तं त्याहून मोठं हाये. सोळा तारखेले कोन घेते?" मी तिला बिलाची तारीख समजावली. ती म्हणाली, "बँकेची तारीख मोठी का बाबासायबाची?" आता तिला तुम्हीच समजवा.

वस्तू कोणती ते आता लिहिते. कानाचं यंत्र. तुमच्यासाठी.

पत्र खाली ठेवू नका. पुढे वाचा.

दुकान आर्णी रोडला आहे. मी आणि बबिता जाऊन पाहून आलो. कानामागे बसतं, पावट्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. दुकानदार कार्डावर दोन टक्के जास्त मागत होता. बबिता त्याला म्हणाली, "दोन टक्के घ्या, पन वर्षाच्या बॅटऱ्या फुकट द्या. नाई तं आम्ही अमरावतीले जातो." अमरावतीला कोण जाणार होतं! पण तो दोन टक्केही सोडून बसला आणि सहा महिन्यांच्या बॅटऱ्याही कबूल करून गेला. एक गोष्ट मात्र तो सोडायला तयार नाही. म्हणाला, ताई, ज्याचा कान त्याला आणा. तपासणी झाल्याशिवाय यंत्र कोणतं ते ठरत नाही, आणि लावून पाहिल्याशिवाय मी विकत नाही. तेव्हा कार्ड, भिशी, तारीख, सगळं जमलं तरी तुम्ही इथे येऊन खुर्चीवर बसला नाहीत तर काहीच जमलं नाही.

आणि तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे. आईने जानेवारीत तुमच्यापुढे कानाच्या यंत्राचा नुसता विषय काढून पाहिला होता. पाटीवर लिहून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "जुन्या मशीनले नवा पट्टा कायले?" तिने मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "अन् दीपा, तुहा बाप आजकाल हातानं बोलतच नाई व. पानी पाह्यजे तरी उठून घेते. दिवसभर पंप खोलून राह्यते, अन् काम नसलं का हात मांडीखाली दाबून बसते." हे ऐकलं तेव्हा मला कळलं की तुम्ही पाहिलं होतं. त्या आधी तीन महिने मी स्वतःला सांगत होते की नसेल पाहिलं.

त्या दिवसाबद्दल मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. तुमच्याजवळ बोलायचं तर लिहावंच लागतं, म्हणून लिहिते.

ऑक्टोबरात नागपूरला आपण धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाला गेलो, तिथे मी पाणी आणायला गेले. इथेच थांबा, असं तुम्हाला हाताने सांगून गेले. परत आले तर तुम्ही नाही. बाबा, तीन तास! लाखो माणसं, आणि त्यात एक माणूस ज्याला हाक मारून उपयोग नाही. आई एका झाडाखाली बसून रडत होती. माइकवरून तुमचं नाव सात वेळा पुकारलं, मी प्रत्येक वेळी माइकवाल्यांच्या टेबलापाशी उभी राहून मोजलं. चेंगराचेंगरी झाली असेल, कुठे पडला असाल, काय काय मनात आलं ते लिहवत नाही. आणि मग तुम्ही सापडलात ते पुस्तकांच्या दुकानापाशी शांत उभे, हातात शेंगदाण्यांची पुडी! त्या पुडीचा मला जो राग आला तो दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या घरात संध्याकाळपर्यंत उतरला नव्हता.

मी ओट्यापाशी होते, अश्वजित दारात उभे होते, तुम्ही पलीकडे खाटेवर. मी तुमच्याकडे पाठ करून त्यांना म्हणाले, "आता यांना कुठेच न्यायचं नाही. घरीच ठेवायचं." तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणूनच बोलले, हे वाईटच. पण हात बोलतील हे माझ्या ध्यानात नव्हतं. लहानपणापासून डबा घेऊन जिनमध्ये यायचे मी. तिथल्या आवाजात कोणाचं तोंड कोणाला ऐकू येत नसे, सगळे हातांनी बोलायचे. मी अक्षरं शिकायच्या आधी ते शिकले. अजूनही रागात असले की तोंडाबरोबर हात चालतात. त्या संध्याकाळी चालले. डावा तळवा पुसला आणि उजवा अंगठा खांद्यावरून मागे टाकला. रोलर झिजला, काढून टाका.

अश्वजितना ती खूण कळत नाही. ते नुसते म्हणाले, "हाताले काय झालं तुह्या?" मी मागे वळून पाहिलं तर तुम्ही भिंतीकडे बघत होता. सकाळी चहा न घेता पहिल्या गाडीने निघून गेलात.

माझं चुकलं, बाबा. रागात होते, घाबरले होते, हे सगळं खरं. पण ती खूण तुमच्यासाठी माझ्या हातातून निघाली हे त्याहून खरं. ज्या माणसाने मला ती भाषा शिकवली, त्याच्याविरुद्ध मी ती वापरली. मला त्याची लाज वाटते. मागच्या पत्रात कार्डाचं पुराण लावलं ते तुमच्याकडून चार ओळी तरी मिळाव्यात म्हणून. सल्ला खरंच हवा होता, पण तुम्ही त्याहून जास्त हवे होता.

प्रियंका विचारते, आबा आले की मी त्यांना हाताने 'चहा झाला' म्हणून दाखवीन, ते कधी येणार? मी तिला तारीख दिलेली नाही.

सोळा एप्रिल, सोमवार. दुकान अकराला उघडतं. मी रजा टाकून ठेवते. आलात तर उपकार म्हणणार नाही, तुम्हाला तो शब्द आवडत नाही. न आलात तर कार्ड तसंच राहील, त्यावर मी दुसरी कोणतीही वस्तू घेणार नाही.

तुमचीच,
दीपा


मुकुटबन,
२ एप्रिल २००७

चि. दीपा,
जयभीम. प्रियंकाला गोड पापा.

तुझे पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडले.

आधी हिशेब, म्हणजे हात वळतो. निळे कार्ड बरोबर. सोळा तारीख बरोबर. आईला मी समजावले. तिला म्हणालो की बाबासाहेब विलायतेत जाऊन रुपयाचाच अभ्यास करून आले होते, चौदाला घेऊन व्याज भरणाऱ्या माणसाला त्यांनी दारात उभे केले नसते. तिने दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली असावी की बरं, कारण चहा ठेवायला उठली.

भिशीचे पैसे मात्र तुझे आणि प्रियंकाचे आहेत. ते तू बँकेत भर, मी तुला दर महिन्याला पाचशे मनिऑर्डर करीन. पंपाच्या दुरुस्तीतून निघतात. बँक तुला एकोणपन्नास दिवस देते, तू मला चव्वेचाळीस महिने दे. बिनव्याजी. नाही म्हणशील तर मी येत नाही.

आता बाकीचे.

मी पाहिले होते. लागले. इतकी वर्षे ती खूण मी स्वतः करत आलो, रोलर निघून बाजूला पडलेले रोज पाहिले, पण आपल्याकडे बघून कोणी करील असे वाटले नव्हते. जिन बंद होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मला वाटले, मॅनेजरने कागदावर लिहिले तेच पोरीने हाताने सांगितले. घरी येऊन हात बंद केले. तुला शिक्षा म्हणून नाही. उचलायचे मनच झाले नाही.

पण तुझे पत्र वाचल्यावर एक गोष्ट सांगणे भाग आहे. मी ती सहा महिने दाबून ठेवली, तेव्हा चूक एकट्या तुझी नाही.

नागपूरला मी हरवलो नव्हतो. तू पाण्याला गेलीस तेव्हा माइकवरून बावीस प्रतिज्ञा म्हणायला सुरुवात झाली. आजूबाजूला सगळ्यांचे हात वर आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. छप्पन साली मी आठ वर्षांचा होतो. बापाच्या खांद्यावर बसून त्याच मैदानावर ते मी ऐकले होते. अर्थ कळला नव्हता, पण एक एक शब्द कानात पडला होता. आणि पन्नास वर्षांनी त्याच जागी उभा राहून मला काहीच ऐकू येत नव्हते. मी पण ओठ हलवले, पण लोकांच्या मागे पडत होतो. मला फार वाईट वाटले. समोर कनात होती, कान तपासणीच्या फुकट शिबिराची पाटी होती. मी जाऊन रांगेत उभा राहिलो. वाटले, तू येईपर्यंत होईल. रांग मोठी निघाली.

त्यांनी कानाला लावून मशीन फिरवले, आवाज आला की बोट वर करा म्हणून लिहून दाखवले. मी थोड्याच वेळा बोट वर केले. मग त्या डॉक्टरबाईने एक यंत्र दोन मिनिटांसाठी कानात बसवून दिले. आधी नुसती जिन सुरू झाल्यासारखी खरखर. मग त्या खरखरीतून माणसाचा आवाज निघाला. गोविंदा तामगाडगे, मुकुटबन, जिथे असाल तिथून पुस्तकांच्या दुकानापाशी या.

सात वेळा पुकारले म्हणतेस. सहा वेळचे मला माहीत नाही. सातवे मी ऐकले.

यंत्र परत केले आणि दुकानापाशी येऊन उभा राहिलो. किंमत विचारली होती. त्यांनी लिहिलेला आकडा पाहून तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला. तुला सांगितले असते तर तू त्याच दिवशी कर्ज काढले असते, म्हणून सांगायचे नाही असे ठरवले. शेंगदाणे अशासाठी घेतले की तोंडाला काहीतरी काम असावे, नाहीतर मला तिथेच रडू आले असते. दुसऱ्या दिवशी तू ती खूण केलीस. मग सांगायचे कारणच उरले नाही असे वाटले.

तो तपासणीचा कागद या पत्रासोबत पाठवतो. दुकानदाराला दाखव. तो पुन्हा तपासेल तर तपासू दे, मी बसेन.

माझ्या मनात एक भीतीही आहे ती लिहून टाकतो. शिबिरात दोन मिनिटे होती. रोज लावून ऐकू आले नाही तर? तुझे पैसे जातील आणि कानात यंत्र दिसल्यावर ऐकू येत नाही म्हणून गप्प बसायची माझी सोयही जाईल. तरी येतो. मशीन चालते की नाही हे बाहेरून बघून कोणी सांगू शकलेले नाही, बटन दाबावेच लागते.

पंधराला मुक्काम वणीला धरमसिंगच्या घरी. जिनमधला जोडीदार आहे, त्यालाही भेटणे होईल. सोळाला सकाळच्या गाडीने निघून दहापर्यंत यवतमाळ. आई येणार नाही म्हणते, पण ती येईल. प्रियंकाला तारीख सांग.

स्टँडवर उतरेन तेव्हा हाक मारू नको, गर्दीत मला कळणार नाही. समोर येऊन उभी राहा.

दुकानातून काम आटोपून निघालो की मात्र मला चार पावले पुढे जाऊ दे. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये म्हणतात. आपण तसले काही मानत नाही. तू मार.

तुझा,
बाबा